पूररेषा सरकली, तर भुर्दंड कोणाला?

गोदाकाठचा: सप्टेंबर 2025 चं पाणी बघितल्यावर मराठवाड्यातल्या पूररेषा नव्याने आखायलाच हव्यात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत नवं घर बांधता येत नाही. दोन्हींच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर पाहिजे. पाऊसच बदलला, तर जुन्या रेषा काय कामाच्या? नवा नकाशा करा, आणि आतल्या घरांना विमा सक्तीचा करा.

नांदेडी: सक्ती काहून? प्लॉट एनए (बिगरशेती), लेआउट मंजूर, घरपट्टी दरसाल भरलेली. आता रेषा घराच्या मागे गेली की बँकेचा व्हॅल्युअर तोंड वाकडं करणार, गिऱ्हाईक भाव पाडून मागणार, अन् वरून विम्याचा हप्ता बी आम्हीच भरायचा? शिक्के मारणारे मोकळे!

गोदाकाठचा: मग नकाशा दडवायचा? म्हणजे पुढचं गिऱ्हाईक फसणार.

परभणी ते ह्यूस्टन: इथं अमेरिकेत फेमाच्या (सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नकाशात दरवर्षी 1 टक्का शक्यतेच्या पूरपट्ट्यात घर असेल आणि कर्जाला केंद्र सरकारचं पाठबळ असेल, तर पूरविमा घ्यावाच लागतो. नेहमीच्या घरविम्यात पूर धरत नाहीत. पण जमिनीची उंची मोजून दिली तर पट्ट्यातून नाव काढून घेता येतं. आणि 2017 च्या हार्वे वादळात पट्ट्याबाहेरचीही ढीगभर घरं बुडाली, बहुतेकांकडे पूरविमा नव्हता. तेव्हा रेषेबाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका.

मांजराकाठ: आपल्याकडे उलट आहे. 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पूर आधीच धरलेला आहे. घेतो कोण? कर्जासोबत बँक गळ्यात मारते तेवढीच. कर्ज फिटलं की पॉलिसीचं नाव कोणी काढत नाही. (आमच्या घरी हेच.)

नांदेडी: घेऊ की विमा. पण आमचा पूर नुसत्या पावसाचा नाही. वरून जायकवाडीचा विसर्ग, मधे विष्णुपुरीचे दरवाजे, अन् धर्माबादकडे तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा फुगवटा. दरवाजे कधी उघडायचे ते दुसऱ्याच्या हातात, जोखीम मात्र माझ्या नावावर?

गोदाकाठचा: हे मान्य. तरी पाणी घरात येतंच ना? नुकसान तुमचंच.

नांदेडी: मग माझी अट ऐका. उपग्रहाच्या फोटोवर रेषा ओढू नका, घरोघरी जोत्याची उंची मोजा, हरकतीला मुदत द्या. एवढं केलं तर अर्धा हप्ता मी भरतो. उरलेला अर्धा ज्यांनी लेआउट मंजूर केला त्यांनी.