मदत हवी आहे: दोन कॅलिबर, पण काडतुसांची मॅगझिन एकसारखीच. अंधारात ओळखायची कशी?

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांब झाली आहे, पण प्रश्न जिवाचा आहे म्हणून सगळं नीट सांगते. एआर-१५ धाटणीची रायफल वापरणारे, सैन्यात किंवा पोलिसात काम केलेले, नेमबाजी करणारे कोणी असाल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

आम्ही टेक्ससमध्ये राहतो. नवऱ्याच्या मित्राचं इथून दोन तासांवर रँच आहे आणि तिथे रानडुकरांनी उच्छाद मांडला आहे. एका रात्रीत कळप येतो आणि सकाळी कुरण नांगरून ठेवल्यासारखं दिसतं. मालकाच्या परवानगीने इथे खासगी जमिनीवर रात्रीसुद्धा डुकरं मारता येतात, म्हणून महिन्यातून एकदोनदा आम्ही तिघं जातो. बंदुका रीतसर घेतलेल्या आहेत, घरी कुलूपबंद तिजोरीत असतात.

आमच्याकडे दोन कॅलिबरच्या, म्हणजे वेगवेगळ्या मापाचं काडतूस लागणाऱ्या, दोन रायफली आहेत. एक ५.५६ ची, दुसरी .३०० ब्लॅकआउटची. ज्यांना हा दुसरा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. .३०० ब्लॅकआउटला इथल्या उद्योगाची मान्यता २०११ मध्ये मिळाली. ते काडतूस मुद्दाम असं बेतलंय की एआर-१५ ची फक्त नळी बदलावी लागते. बोल्ट (काडतूस पुढे ढकलून मागून बंद करणारा भाग) तोच, मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) तेच, मॅगझिनमध्ये राउंड म्हणजे काडतुसं तेवढीच मावतात. ५.५६ ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, ४५ मिलिमीटर लांब, हिची ३५, पण गोळी धरून पूर्ण काडतुसाची लांबी जवळपास सारखीच. काडतुसाचं बूडही त्याच मापाचं. फरक गोळीच्या जाडीत: ५.५६ ची गोळी ५.७ मिलिमीटर, ब्लॅकआउटची ७.८. म्हणजे ब्लॅकआउटचं काडतूस ५.५६ च्या रायफलीत गेलं आणि चाप ओढला गेला, तर दोन मिलिमीटर जास्त जाडीची गोळी बारीक नळीत घुसायला बघते. तिला जायला वाट नाही, मागून वायूचा दाब वाढत जातो आणि रायफल तोंडासमोर फुटते. उलट बाजूने ही भीती जवळजवळ नाही, ५.५६ चं लांब काडतूस ब्लॅकआउटच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, पूर्ण बसतच नाही.

आता आमच्याकडे काय झालं ते.

नवऱ्याला लाल-हिरवा फरक कळत नाही, जन्मापासून. त्यामुळे मॅगझिनला रंगीत चिकटपट्टी लावायचं ठरलं तेव्हा मी हिरवा रंग आधीच बाद केला. ब्लॅकआउटला लाल पट्टी, ५.५६ ला पांढरी. लाल त्याला नीट लाल दिसली नाही तरी पांढऱ्यापेक्षा गडद दिसते, एवढं पुरे होतं. दिवसा रेंजवर कित्येक महिने काही अडलं नाही. आपण फार विचारपूर्वक काम केलंय असं मला वाटत होतं.

पण डुकरांसाठी रात्री जाताना आम्ही डोक्याला लाल दिवे लावतो, म्हणजे डोळे अंधाराला सरावलेले राहतात आणि डुकरंही बुजत नाहीत. लाल उजेडात लाल पट्टी पांढरीच दिसते. हे मला शाळेत शिकवलेलं आहे, परीक्षेत लिहिलेलंसुद्धा आहे, आणि तरी पट्टी निवडताना आठवलं नाही. त्या रात्री नवऱ्याने पिशवीतून "पांढऱ्या" पट्टीचं मॅगझिन काढलं, ५.५६ च्या रायफलीत लावलं आणि बोल्ट सोडला. बोल्ट पूर्ण बसला नाही, थोडा मागेच राहिला. त्याचा हात फॉरवर्ड असिस्टकडे गेला, म्हणजे बोल्ट पुढे ठोकायचं ते उजव्या बाजूचं बटण.

मी त्याचा हात धरला. मला काही कळलं होतं अशातला भाग नाही. माझे बाबा वरणगावच्या आयुध निर्माणीत होते, जिथे रायफलींची काडतुसं बनतात. जे आपणहून बसत नाही ते ठोकून बसवायचं नाही, हे त्यांनी आम्हा भावंडांना घरातल्या कुलपापासून गॅसच्या रेग्युलेटरपर्यंत सगळ्याला लावून शिकवलं होतं. तेवढ्यावरून हात गेला.

नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझिन काढलं, मग हँडल ओढून काडतूस बाहेर काढलं. एका झटक्यात आलं नाही, जोर लावावा लागला. साधा पांढरा टॉर्च लावला तर जाड गोळी, आणि ती पुंगळीत आत दाबली गेलेली. बोल्टने ढकलल्यामुळे ती मागे सरकत होती. आणखी एक ठोका बसला असता तर बोल्ट कदाचित पूर्ण बंद झाला असता आणि रायफल झाडायला तयार झाली असती.

यापुढची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. बाबांची दुसरी शिकवण अशी की शंका आली तर काडतुसाचं बूड वाचायचं. तिकडे बुडावर "ओएफव्ही" आणि साल ठोकलेलं असायचं, खडकीच्या कारखान्याच्या मालावर "केएफ". बूड म्हणजे काडतुसाचा जन्मदाखला, असं ते म्हणत. म्हणून मी बूड वाचलं. त्यावर स्पष्ट "२२३" होतं. नवरा म्हणाला, "बघ, बरोबरच आहे की!" आणि दोन क्षण मलाही तसंच वाटलं, कारण .२२३ हे त्याच मापाचं नागरी काडतूस आमच्या ५.५६ च्या रायफलीत चालतं.

मित्राने खुलासा केला. तो काडतुसं घरी स्वतः भरतो. .२२३ च्या वापरलेल्या पुंगळ्या कापून, साच्यातून काढून त्यांचीच .३०० ब्लॅकआउट बनवतो. असं करणारे इथे पुष्कळ आहेत आणि त्यात गैर काही नाही, पण बुडावरचा शिक्का जुनाच राहतो. म्हणजे पट्टी खोटं बोलली आणि जन्मदाखलाही.

त्या रात्री आम्ही काही न करता परत आलो. तेव्हापासून दोन्ही रायफली तिजोरीत आहेत. आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगते, म्हणजे तेच पुन्हा सुचवायला नको. चिकटपट्टी: उन्हात गाडीत राहिली की गोंद वितळतो, पट्टी सरकते. एकदा ती फार वर लावली गेली तर मॅगझिन रायफलीतून सुटून खालीच येईना. ऑइल पेंटचा मार्कर: आधी अल्कोहोलने पुसून लावला तर चांगला धरतो, पण बंदूक साफ करायच्या द्रावणाने फिकट होतो. मॅगपुल कंपनीच्या नव्या मॅगझिनवर खाली ठिपक्यांची जाळी असते, त्यातले ठिपके रंगवून "३००" लिहिता येतं. ते छान दिसतं, पण अंधारात त्याचा उपयोग शून्य.

तर माझे प्रश्न:

हाताला कळेल अशी, बोटांनी चाचपून ओळखता येईल अशी खूण कोणी वापरता का? हातमोजे घातलेले असताना कळते का? मॅगझिन नुसतं ओळखून भागत नाही, आतलं काडतूसही तेच आहे याची खात्री तुम्ही कशी करता? आणि दोन कॅलिबर एका घरात ठेवूच नयेत असं कोणाचं मत असेल तर तेही ऐकायचं आहे.

प्रतिसाद: डेन्व्हरकर

ताई, हात धरलात हे फार मोठं काम केलंत. ठोकून बंद केल्यामुळेच हे अपघात होतात.

मॅगपुलचं खास .३०० ब्लॅकआउटसाठीचं मॅगझिन मिळतं. त्याचा वरच्या भागाचा पोत नेहमीच्या मॅगझिनपेक्षा वेगळा आहे, हात फिरवला की कळतं. माझ्याकडे ब्लॅकआउट फक्त त्यातच भरलं जातं आणि त्यात दुसरं काही कधीच जात नाही. दुसरं म्हणजे, ब्लॅकआउटच्या रायफलीवर पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीचं झाकण कॅलिबर कोरलेलं घ्या. मॅगझिनवर खूण आणि रायफलीवर काहीच नाही, तर ती खूण जुळवायची कशाशी?

हलकी ११० ते १२५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) वेगवान गोळी आणि १९० ते २२० ग्रेनची जड, आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी, ही दोन्ही ब्लॅकआउटचीच असली तरी मॅगझिन वेगळी ठेवा. त्याने रायफल फुटणार नाही, पण नेम चांगलाच खाली जाईल. शिवाय हलक्या गोळीचं काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये बसण्याची शक्यता जास्त असते. तुमचं बहुधा तेच होतं.

प्रतिसाद: मातीची कबुतरं

मी शॉटगनवाला, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीवाला, त्यामुळे एआरबद्दल बोलत नाही. पण आमच्याकडे हाच घोटाळा फार जुना आहे. गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या नळीत सरकून पुढे जाऊन अडकतं. वरून पाहिलं तर चेंबर रिकामा. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो मागून १२ गेजचं घालतो आणि नळी फुटते. यावर उपाय म्हणून २० गेजची काडतुसं पिवळी करायची पद्धत पडली आणि ती जवळपास सगळ्या कंपन्या पाळतात. रंग उपयोगी पडला तो सगळ्यांनी एकच ठरवला म्हणून. मॅगझिनच्या बाबतीत असं काही ठरलेलं नाही. तुमचा लाल म्हणजे तुमच्या मित्राचा लाल नव्हे.

आणि पिवळा रंग असूनही आम्ही एका जाकिटाच्या खिशात दोन गेज कधी ठेवत नाही. तुमची पिशवी एकच होती, हे माझ्या मते पट्टीपेक्षा मोठं कारण.

प्रतिसाद: निवृत्त हवालदार

बहिणाबाई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. वरणगावचा माल आम्ही वर्षानुवर्षं झाडला आहे.

आमच्या वेळी एसएलआर पण ७.६२ आणि एके पण ७.६२. आकडा एक, पण एकीची पुंगळी ५१ मिलिमीटर, दुसरीची ३९. तरी घोळ होत नसे, कारण एकीचं मॅगझिन दुसरीला लागतच नाही. तुमच्याकडे ती आडकाठीच नाही, तेव्हा ती तुम्हाला नियमाने उभी करावी लागेल. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, एका वेळी एकच हत्यार निघेल आणि त्याचाच दारूगोळा निघेल. दुसरं हत्यार काढायचं तर पहिलं "जाँच शस्त्र" करून, म्हणजे रिकामं असल्याचं तपासून, परत जमा. खुणा जरूर करा, पण माणूस थकलेला असतो, थंडीने बोटं बधिर असतात, तेव्हा खूण वाचली जात नाही. समोर चुकीचं मॅगझिन नसेलच तर चूक करणार कशी?

मॅगझिन दिवसाउजेडी, टेबलावर, एकाने भरायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. रात्री रानात भरणं बंद. आणि नुसता वरचा राउंड पाहून समाधान मानू नका, वरचा बरोबर आणि तिसरा चुकीचा असं होऊ शकतं.

प्रतिसाद: रबरबँड

सायकलची जुनी ट्यूब घ्या, दोन बोटं रुंद कापा, मॅगझिनच्या अगदी बुडाशी चढवा. रायफलीत जाणाऱ्या भागाच्या बरीच खाली हवी, म्हणजे अडकणार नाही. हातमोज्यातूनही कळते. फुकटात काम होतं.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. हवालदारसाहेब, बाबांना फोनवर तुमचा निरोप वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, कुठल्या बटालियनचे? जमलं तर कळवा, ते वाट बघत आहेत.

बूड वाचण्याबद्दलही त्यांच्याशी बोलले. त्यांचं म्हणणं, कारखान्यातून शिक्का मारून निघालेल्या पुंगळीबद्दल ते बोलत होते, कोणी कापून परत भरलेल्या नव्हे. कापलेल्या पुंगळीला खांदा, म्हणजे ती निमुळती होते ती जागा, कुठे येतो ते बघ म्हणाले. ते मी आता बघते: ५.५६ ला खांदा बराच वर असतो आणि त्यातून बारीक टोकदार गोळी निघते, ब्लॅकआउटचा खांदा खाली, मान (गोळी धरणारा भाग) आखूड आणि गोळी जाड. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की शिक्का वाचायची गरज उरत नाही. मित्राची घरी भरलेली काडतुसं आम्ही त्याला परत दिली.

चार ब्लॅकआउटची खास मॅगझिन मागवली, त्यांना ट्यूबची पट्टीही चढवली. पिशव्या दोन केल्या, आणि रात्री एकच रायफल न्यायची हे पक्कं झालं.

काल घरी चाचणी घेतली. रायफली तिजोरीत, सगळी मॅगझिन रिकामी, दहा मिसळून पिशवीत टाकली. नवऱ्याचे डोळे बांधले, हातात थंडीचे मोजे. त्याने नऊ बरोबर सांगितली. दहावं चुकलं, कारण ट्यूबची पट्टी सरकून बेसप्लेटच्या, म्हणजे मॅगझिनच्या बुडाच्या, खाली लोंबत होती आणि मोज्याला वरचा पोत कळला नाही. रबरबँड, तुमची पट्टी सरकते का? की मी ट्यूब मापाने सैल घेतली? खाली चिकटवायला काही वापरता का, तेही सांगा. ते कळेपर्यंत रायफली बाहेर काढणार नाही.