ओझूच्या वाटेवर आज नेमकं कोण आहे?

चौकट
जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या (१९०३–१९६३) दोन सिनेमांबरोबर आमच्या फिल्म क्लबात आजच्या दिग्दर्शकांचे तीन-चार सिनेमे लावायचे आहेत. जपानच्याच हिरोकाझु कोरे-एदाचं नाव सगळेच घेतात. पण घरातली गोष्ट आणि संथ लय, एवढ्यावर कुणाला ‘ओझूसारखा’ म्हणणं पटत नाही. तपासायचं काय? आणि आपल्या चैतन्य ताम्हाणेला या यादीत जागा आहे का?

तिसरं रीळ
‘संथ’ हा शब्द आधी बाजूला ठेवा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) एक शॉट सरासरी दहा सेकंदांच्या आसपास टिकतो, शेवटच्या रंगीत सिनेमांत तर सातेक सेकंद. ओझूचं सगळं बळ संकलनात आहे. तैवानच्या हौ श्याव-श्येनचा ‘कॅफे ल्यूमिएर’ (२००३) शोचिकु स्टुडिओने ओझूच्या जन्मशताब्दीसाठीच करवून घेतला. त्यात आगगाड्या आहेत, अबोल वडील आहेत, पण शॉट मिनिट मिनिट चालतात. आदरांजली ओझूला, पद्धत पूर्णपणे हौची.

तपासायचंच तर हे बघा. कॅमेरा किती उंचीवर आहे? दोघांच्या संभाषणातली १८० अंशांची रेघ, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेघेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा नियम, पाळली आहे का? (ओझू ती बिनदिक्कत ओलांडतो, म्हणून समोरासमोर बसलेली माणसं पडद्यावर एकाच दिशेला बघताना दिसतात.) दोन प्रसंगांच्या मध्ये रिकामा बोळ, वाळत घातलेले कपडे, धुराडं असं काही येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय वगळलंय? ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) हा मुलीच्या लग्नाचा सिनेमा, पण त्यात ना लग्न दिसतं, ना नवरा मुलगा.

ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा स्थिर आहे, पण लांब उभा राहून अख्खी खोली बघणारा. माणसं त्यात लहान दिसतात, कारण तिथे व्यवस्था मोठी आहे. ओझूची माणसं चौकट भरून बसतात. एक जागा मात्र जवळ येते: सुट्टीआधी कोर्ट रिकामं होतं, दिवे एकेक करून विझतात, आणि कॅमेरा अंधारात तिथेच थांबतो. तेवढ्यावर यादीत घेऊ नये असं माझं मत.

पडदानशीन
वगळण्याचा मुद्दा धरला तर ‘लेट स्प्रिंग’ची खरी वारस फ्रेंच दिग्दर्शिका क्लेर देनी. तिच्या ‘३५ शॉट्स ऑफ रम’मध्ये (२००८) पॅरिसच्या उपनगरी गाडीचा चालक असलेला विधुर बाप आणि त्याची तरुण मुलगी आहे. एकमेकांना सोडता न येणं हीच गोष्ट. छायालेखिका आन्येस गोदारचा कॅमेरा माणसांच्या खांद्याला खेटून फिरतो, ओझूच्या अगदी उलट. पण घरात दोन राइस कुकर येतात आणि त्यातला एक खोक्यातच राहतो, हे बघा. शेवटी तो दुसरा बाहेर निघून पहिल्याशेजारी जातो, आणि पुढचं सगळं तेवढ्यात कळतं. ‘लेट स्प्रिंग’च्या शेवटी एकटा बाप सफरचंद सोलतो, त्याच जातीचं हे आहे.

कोरे-एदाबद्दल: तो स्वतःला ओझूपेक्षा त्याच काळातल्या मिकिओ नारुसे या दिग्दर्शकाच्या जवळचा मानतो, आणि ते खरंच आहे. ‘स्टिल वॉकिंग’मध्ये (२००८) मुळे-गाजरं सोलणं आणि मक्याचे दाणे तळणं बघून ओझू आठवतो खरा. पण ज्याला वाचवताना आपला मुलगा बुडाला, त्या पोराला आई दरवर्षी का बोलावते हे ती तोंडाने सांगते. त्यालाही ते सलत राहावं म्हणून. इतका कडू हिशेब ओझूच्या कुठल्याच आईच्या तोंडी येणार नाही.

तिसरं रीळ
मान्य. मांडणीच्या बाबतीत मात्र सगळ्यात जवळचा फिनलंडचा आकी कौरिस्माकी. ‘फॉलन लीव्ह्ज’ (२०२३) ८१ मिनिटांचा आहे. बहुतेक स्थिर चौकटी, चेहऱ्यावर भाव जवळजवळ नाहीत, आणि रंग वस्तूंवर राखून ठेवलेला. ‘इक्विनॉक्स फ्लॉवर’मधली (१९५८) लाल किटली आठवा: ओझूचा हा पहिलाच रंगीत सिनेमा, आणि चौकटीचा तोल साधण्यासाठी ती किटली शॉटगणिक जागा बदलते. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या ‘परफेक्ट डेज’च्या (२०२३) नायकाला हिरायामा हे ओझूच्या सिनेमांतल्या घरांचं नाव आणि जवळपास चौकोनी चौकट आहे, पण कॅमेरा हातात धरलेला. तो शेवटी ठेवा.

चौकट
उपयोगी पडलं. मुलांना ओझूच्या पद्धतीने दोन मिनिटांचा प्रसंग चित्रित करायला द्यायचाय. कुठे चुकतात?

खालचा ट्रायपॉड
चार ठिकाणी हमखास.

लेन्स. ओझूची ५० मिमी ही ३५ मिमी फिल्मवरची. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर त्या चौकटीपेक्षा मोठा, त्याला ५० लावली की दृश्य रुंद होतं. तिथे ७५ ते ८० हवी. एपीएस-सी किंवा सुपर ३५ हा लहान सेन्सर असेल तर ५० चालते.

अंतर. मांडी घालून बसलेलं माणूस वरच्या मोकळ्या जागेसकट घ्यायचं तर कॅमेरा साडेतीन-चार मीटर, म्हणजे १२-१३ फूट मागे न्यावा लागतो. १० बाय १० च्या खोलीत ते जमत नाही, मग मुलं रुंद लेन्स लावतात आणि भिंती वाकतात. त्यापेक्षा ट्रायपॉड शेजारच्या खोलीत नेऊन दारातून घ्या. दाराची चौकट, मागची खिडकी, सगळं आपोआप एकात एक बसतं.

उंची. कॅमेरा जमिनीला टेकवायचा नसतो. बसलेल्या माणसाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा वर ठेवा, तो खुर्चीवर गेला की कॅमेराही त्याच प्रमाणात वर. वर बघायला लावला तर उभ्या रेषा तिरक्या होतात, म्हणून पातळी बघून सरळच ठेवा. छताजवळचे दिवे आणि पंखे चौकटीत येतात, ते आधी तपासा.

आणि नजर. अभिनेत्याला समोरच्या नटाकडे बघू देऊ नका. लेन्सच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि दोघांनाही त्याच बाजूच्या तुकड्याकडे बघायला सांगा. एकाला डावीकडचा आणि दुसऱ्याला उजवीकडचा दिलात, की नेहमीचं टीव्ही मालिकेतलं संभाषण तयार होतं.