मदत हवी आहे : इटलीतील जुन्या घराच्या दुरुस्तीचा अर्ज परत आला

आडवाट : आम्ही इटलीत खेड्यात एक जुने दगडी घर घेतले असून त्याच्या छपराचे काम करायचे आहे. आमच्या जिओमेत्राने, म्हणजे आराखडे काढून अर्ज दाखल करणाऱ्या तंत्रज्ञाने, कोमूनेत, म्हणजे गावच्या नगरपालिकेत, दिलेला अर्ज ‘इमारतीची वैध स्थिती सिद्ध होत नाही’ असा शेरा घेऊन परत आला. कातास्तोचा, म्हणजे सरकारी मालमत्ता नोंदवहीचा, नकाशा सोबत जोडलेला होता, मग आणखी काय सिद्ध करायचे? गवंडी सप्टेंबरअखेरपर्यंतच मोकळा आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

तोरिनोकर : एवढी घाई असेल तर चीला, म्हणजे साध्या कामाची कोमूनेला द्यायची सूचना, दाखल करावी. मी पिएमोंतेतील घरात आतल्या भिंती हलवल्या तेव्हा सकाळी चीला दाखल झाली आणि दुपारी काम सुरू झाले.

चुनागच्ची : आतली भिंत आणि छप्पर यांत फरक आहे. तुळया बदलायच्या असतील तर ते इमारतीच्या सांगाड्याचे काम ठरते आणि तेथे चीला चालत नाही, शीआ, म्हणजे मोठ्या कामासाठीची तंत्रज्ञाने प्रमाणित केलेली घोषणा, लागते. आडवाट, घर कोणत्या प्रांतात आहे, तुळया बदलायच्या आहेत की नुसती कौले, आणि अर्ज नेमका कोणता होता?

आडवाट : तोस्कानाच्या उत्तरेला, लुनिजानात. चेस्टनटच्या तुळया कुजल्या आहेत, त्या बदलायच्या आहेत. अर्ज शीआचाच होता.

परदेशस्थ काका : भारतातून पैसे नेणार असाल तर प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे, हे आधी पाहून घ्यावे.

आडवाट : काका, आम्ही दोघेही मिलानमध्ये नोकरी करतो आणि घराचे पैसे देऊन झाले आहेत.

चुनागच्ची : मूळ अडचण कातास्तोवर विसंबण्यात आहे. ती कर आकारणीची नोंद आहे. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून बांधकामाला परवानगी होती असे आपल्याकडेही कोणी मानत नाही. वैध स्थिती ठरते ती कोमूनेच्या दप्तरातील जुन्या परवान्यांवरून. जिओमेत्राने ‘अक्चेस्सो आल्यी आत्ती’, म्हणजे दप्तर पाहण्याचा अर्ज, केला होता का?

आडवाट : केला होता. काहीही सापडले नाही. नकाशात नसलेली मागची खोली आणि तिची खिडकी आधीच्या मालकाच्या वडिलांनी बांधली, असे शेजारी सांगतात.

तोरिनोकर : ही खोली पहिल्याच प्रश्नात यायला हवी होती! 2024 साली आलेल्या ‘साल्वा काझा’ कायद्याने अशा गोष्टी नियमित करणे सोपे केले आहे. दंड भरावा आणि मोकळे व्हावे.

चुनागच्ची : दंडाची घाई कशाला? 1 सप्टेंबर 1967 पूर्वी वस्तीबाहेरच्या बांधकामाला सर्वसाधारणपणे परवानाच लागत नसे. खोली त्याआधीची असेल आणि घर वस्तीबाहेर असेल, तर नियमित करण्यासारखे काही उरत नाही. मात्र त्यासाठी पुरावा लागतो, शेजाऱ्याची आठवण पुरत नाही. 1954–55 साली साऱ्या इटलीचे विमानातून छायाचित्रण झाले होते. ती छायाचित्रे फिरेंत्सेच्या (फ्लॉरेन्सच्या) लष्करी भूगोल संस्थेकडून मागवता येतात, आणि त्यांत खोलीचे छप्पर दिसले तर तो भक्कम पुरावा होईल. न दिसल्यास तोरिनोकर म्हणतात त्या वाटेचा विचार करावा. आणखी एक, घराजवळ ओढा आहे का?

आडवाट : आहे, खाली साधारण 90 मीटरवर. त्याचा छपराशी काय संबंध?

चुनागच्ची : अधिकृत यादीतील नदी-ओढ्यांच्या काठापासून 150 मीटरपर्यंतचा पट्टा निसर्गदृश्य संरक्षणाखाली येतो आणि तिथे बाहेरून दिसणाऱ्या कामाला वेगळी अनुमती लागते. त्याच प्रकारची कौले, तोच उतार आणि तेच रूप ठेवल्यास 2017 च्या नियमांनुसार त्या वेगळ्या अनुमतीतून सूट आहे. शिवाय हा भूकंपप्रवण भाग आहे. 1920 च्या भूकंपाने तिथली गावे उद्ध्वस्त केली होती, त्यामुळे तुळयांचा आराखडा भूकंप कार्यालयाकडेही जातो. छपराची उंची तीच राहणार आहे ना?

आडवाट : माळ्यावर झोपण्याची खोली करायची असल्याने चाळीस सेंटिमीटर उंची वाढवायची आहे. जिओमेत्राच्या आराखड्यात ते आहे. हे सांगण्यासारखे वाटले नाही.

तोरिनोकर : आता माझ्या चीलाचा विषय मी मागे घेतो.

चुनागच्ची : अहो, मग हा अर्ज शीआचा राहतच नाही! उंची वाढली की इमारतीचे आकारमान बदलते. त्यासाठी पेर्मेस्सो दी कोस्त्रुइरे, म्हणजे पूर्ण बांधकाम परवाना, लागेल आणि संरक्षित पट्ट्यात निसर्गदृश्याची अनुमती टळणार नाही. एका हंगामात हे होईल असे मला वाटत नाही. तुळया आणि कौले आहे त्या उंचीत आत्ता बदलून घ्यावीत आणि माळ्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा, असे मी सुचवेन. ओढा यादीत आहे की नाही, हे प्रांताच्या निसर्गदृश्य आराखड्यात दिसेल. छायाचित्रांचा अर्जही आजच करावा, कारण ऑगस्टच्या मध्यावर तिथे बहुतेक व्यवहार थंडावतात.

आडवाट : छायाचित्रे मागवतो. माळा सोडण्याबद्दल घरी बोलावे लागेल, कारण घर घेतले ते माळ्यासाठीच.