स्तोत्र 65 आणि काळ्या मातीची ढेकळं
दादा, बायबलमधल्या स्तोत्र 23 मधला भरून वाहणारा प्याला म्हणजे विश्वासणाऱ्याचं घर कायम भरलेलं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. त्याच स्तोत्रात मृत्युच्छायेची दरी आहे, आणि ताट वाढलंय तेही वैऱ्यांसमोर.

आमच्या यवतमाळकडच्या कोरडवाहू शेतीला स्तोत्र 65 जास्त जवळचं. देव नांगराच्या तासांत पाणी मुरवतो, ढेकळं सरींनी मऊ करतो. काळ्या रानात ज्यानं वखर धरला त्यालाच ती ओळ कळते! गेल्या खरिपात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दोनदा टोबावी लागली. तेव्हा घरी स्तोत्र 126 वाचलं, रडत पेरणाऱ्यांचं. बियाण्याची उधारी अजून बाकीच आहे. तूर मात्र बरी झाली; पहिली पायली चर्चमध्ये उपकारस्तुतीला दिली.