मदत हवी आहे: स्पेक्ट्रम प्लस, -5 व्होल्ट गायब

मंडळी, मामांच्या माळ्यावरून झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस (48के), म्हणजे ऐंशीच्या दशकातला टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर, खाली काढला आणि उत्साहाच्या भरात घोळ केला. याच्या 9 व्होल्टच्या पिनेत मधे निगेटिव्ह असतं. मी घरातला उलटा अ‍ॅडॅप्टर खुपसला. दोन सेकंदांत ओढला, पण व्हायचं ते झालं.

आता चालू केल्यावर टीव्हीवर नेहमीची 1982 वाली कॉपीराइटची ओळ येतच नाही, नुसते उभे पट्टे. खालच्या 16के रॅमच्या (मेमरीच्या) 4116 आयसींवर मल्टिमीटर लावला: पिन 9 ला 5 व्होल्ट बरोबर, पिन 8 ला 12 च्या जागी जेमतेम 4, पिन 1 ला -5 अजिबात नाही. म्हणजे हे 12 आणि -5 व्होल्ट तयार करणाऱ्या सर्किटमधला टीआर4 ट्रान्झिस्टर उडालाय, असा माझा अंदाज. त्याच सर्किटमधली कॉइल वरून तरी काळी दिसत नाही.

टीआर4 सोबत तिथलाच दुसरा ट्रान्झिस्टर टीआर5 पण लगेच बदलू का? टीआर4 च्या मूळ झेडटीएक्स650 च्या जागी पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळेल असं काय चालेल? -5 नसताना 12 आले तर 4116 जळतात, म्हणून आठही रॅम आधी काढून ठेवायच्या का? सगळ्या थेट सोल्डर आहेत आणि ट्रॅक इतके नाजूक, की हात लावायची भीती वाटते.

कुणी हे स्वतः केलंय का? तोवर मशीन बंदच ठेवलंय.