डोळ्यातल्या स्टेरॉइड इम्प्लांटचा पूर्ण खर्च कसा काढायचा?

सुलोचन:
मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यभागी (मॅक्युलावर) सूज आहे. अँटी-व्हीईजीएफ (सूज उतरवणारी, डोळ्यात टोचायची) इंजेक्शनं झाली, पण ओसीटीमध्ये (पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये) सूज हवी तेवढी उतरलेली नाही. आता ओझर्डेक्स हे डोळ्यात टोचून घालायचं स्टेरॉइड इम्प्लांट सुचवलं आहे. बोलताना तीन वर्षं चालणाऱ्या आयलुविएन या दुसऱ्या स्टेरॉइड इम्प्लांटचाही विषय निघाला. अंदाजपत्रकावर "इम्प्लांट व प्रोसिजर" असा एकच आकडा लिहिला आहे. हा खर्च एकदाच येतो की पुन्हा पुन्हा? त्यात काय धरलेलं असतं आणि काय राहून जातं? दोन पर्यायांची तुलना करताना नेमकं काय बघायचं?

रेटिना_कक्ष:
आधी औषध किती महिने पुरतं ते बघा, सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. ओझर्डेक्सच्या कांडीत ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन असतं आणि कांडी डोळ्यातच विरघळते. औषध सहा महिन्यांपर्यंत झिरपतं, पण जोर दुसऱ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो. बऱ्याच डोळ्यांत तीन-चार महिन्यांनी सूज परत दिसायला लागते. त्यामुळे "वर्षाला दोन" असं गृहीत धरलं तर अंदाज चुकतो, तिसऱ्याचीही तयारी ठेवावी. आयलुविएनमध्ये ०.१९ मिलिग्रॅम फ्लुओसिनोलोन असतं. ते अगदी थोडं थोडं, ३६ महिन्यांपर्यंत सुटत राहतं. त्याची नळी विरघळत नाही, औषध संपल्यावरही ती डोळ्यातच राहते.

तुलना करायची तर दर डोळ्यामागे दर महिन्याचा खर्च काढा. त्यासाठी इम्प्लांट, टोचण्याची फी, ऑपरेशन थिएटर, आधीची आणि नंतरची ओसीटी, तपासण्यांच्या फेऱ्या आणि थेंब हे सगळं मिळवा आणि औषध जितके महिने पुरेल त्याने भागा. अँटी-व्हीईजीएफ चालू ठेवण्याचा पर्यायही याच पद्धतीने मोजा. तिथे सुरुवातीला दरमहा डोस असल्याने टोचण्याची फी आणि फेऱ्याच जास्त भरतात.

आता अंदाजपत्रकात जवळपास कधीच नसणाऱ्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली, डोळ्याचा दाब. मधुमेही सुजेवरच्या ओझर्डेक्सच्या तीन वर्षांच्या चाचणीत (मीड) सुमारे ४२ टक्के रुग्णांना दाब कमी करणारी औषधं लागली. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर आली. पण दाब बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तो मोजावाच लागतो. ओझर्डेक्सनंतर सहा ते आठ आठवड्यांची तपासणी कधीच चुकवू नका, कारण दाब त्याच सुमारास चढतो. आयलुविएनमध्ये तो बऱ्याच महिन्यांनी चढू शकतो, त्यामुळे तपासण्या तीन वर्षं चालू ठेवाव्या लागतात. आयलुविएनच्या फेम चाचणीत याच मात्रेवर ४.८ टक्के रुग्णांना दाबासाठी चिरा देऊन शस्त्रक्रिया करावी लागली.

दुसरी, मोतीबिंदू. स्वतःचं नैसर्गिक भिंग असलेल्या डोळ्यात तो वाढणारच असं धरून चाला. फेममध्ये अशा रुग्णांपैकी ८० टक्के जणांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. तिचा खर्च आजच वहीत मांडा. भिंग आधीच बसवलेलं असेल तर हा आकडा गळतो, आणि तिथे स्टेरॉइड इम्प्लांटचं गणित बरंच हलकं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. याआधी डोळ्यात स्टेरॉइड कधीच दिलं नसेल तर पैसे वाचवायला थेट तीन वर्षांचं घेऊ नये. आधी कमी मुदतीचं देऊन दाबाचा कल बघावा. एकदा घातलेलं औषध सहज परत काढता येत नाही.

विमा_फाइल:
दावे अडकतात ते बहुतेक कागदांवर. नोंदीत नुसतं "डोळ्याचं इंजेक्शन" लिहिलं तर बाह्यरुग्ण उपचार समजून दावा नाकारला जाऊ शकतो. कागदावर निदान, डावा की उजवा डोळा, दृष्टीची नोंद, ओसीटीवरची जाडी, आधीच्या इंजेक्शनांच्या तारखा आणि ती अपुरी का ठरली, एवढं हवंच. मंजुरी आधी, तारीख नंतर. आणि प्रत्येक इम्प्लांटसाठी मंजुरी नव्याने लागते का, हे लेखी विचारा. अनेकदा पहिलं मंजूर होतं आणि दुसऱ्याच्या वेळी गाडी अडते.

बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा. पाकिटावरचं बॅच नंबर आणि मुदतीचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. इम्प्लांट बाहेरून विकत आणायचं असेल तर सीलबंद पाकीटच घ्या, आणि ते टोचायच्या क्षणीच उघडलं जाईल याची खात्री करा. उपकरण एकदाच वापरायचं असतं. पाकीट फुटलं आणि प्रक्रिया रद्द झाली तर ते वाया जातं, म्हणून तो भार कोणाचा हे आधीच ठरवून घ्या. उत्पादकाची रुग्ण-साहाय्य योजना असेल तर अर्जही इम्प्लांट घालण्याआधीच करावा.

सुलोचन:
दोघांचेही आभार, आता बरंच उलगडलं. दोन्ही डोळ्यांत सूज आहे. एकाच दिवशी दोन्हीकडे घातलं तर थिएटरचा खर्च वाचेल का?

रेटिना_कक्ष:
वाचेल, पण तसं करू नका. ओझर्डेक्ससाठी एकाच वेळी दोन्ही डोळे न करण्याची सूचना आहे. आत जंतुसंसर्ग झालाच तर तो दोन्ही डोळ्यांत एकदम नको. म्हणजे दोन तारखा आणि दोन बिलं धरा. पहिल्या डोळ्याचा दाब आणि परिणाम बघून दुसऱ्याचा निर्णय घेता येतो, हा त्यातला फायदा.

टोचण्याआधी डॉक्टरांना आणखी एक विचारा: बसवलेल्या भिंगामागचं आवरण शाबूत आहे का? ते फाटलेलं असेल किंवा भिंग बाहुलीच्या पुढच्या कप्प्यात बसवलेलं असेल तर कांडी पुढे सरकून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज आणू शकते. मग ती तातडीने काढावी लागते. दाबामुळे डोळ्याच्या नसेची खोबण वाढून तिचं नसेच्या चकतीशी असलेलं प्रमाण (कप-डिस्क रेशो) ०.८ च्या पुढे गेलं असेल, किंवा डोळ्यात संसर्ग असेल, तरीही हे इम्प्लांट घालत नाहीत.

आणि नंतरच्या काही दिवसांत डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर अचानक घसरली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.