घरातली स्मार्ट यंत्रं : पुणेकरांनो, अनुभव लिहा

पुण्यात हल्ली कुठल्याही घरी गेलं तरी एखादी वस्तू वायफायवर असतेच. बल्ब, गीझरचा प्लग, दारावरचा कॅमेरा, मनगटावरचं घड्याळ, सोसायटीच्या टाकीतला सेन्सर. घेताना दुकानदार काय सांगतो ते आपल्याला पाठ आहे. घेतल्यावर सहा महिन्यांनी काय होतं, ते घरोघरी वेगळं असतं. ते इथे लिहा.

दोन गोष्टी मात्र जरूर सांगा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली किंवा नेट गेलं की तुमचं यंत्र काय करतं? आणि त्याचं अ‍ॅप घरात कोणाच्या फोनवर आहे, ज्यांच्या फोनवर नाही त्यांचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकते. नेट नसताना जे हातानं चालत नाही, ते घरात आणू नये. बऱ्याच स्वस्त बल्ब-प्लगांचं असं असतं की आपण फोनवर बटण दाबलं तरी निरोप समोरच्या बल्बकडे थेट जात नाही. तो राउटरमधून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर असेल मुंबईला नाहीतर सिंगापूरला, आणि तिथून परत आपल्याच हॉलमध्ये येतो. मधला एक धागा तुटला की दिवा ढिम्म. पटत नसेल तर भांडा. कंपन्यांची नावं घेऊन तक्रारी नकोत, जाहिराती तर नकोतच.

कोथरूड, गीझरवाले

गीझरला स्मार्ट प्लग लावला आहे. आधी हिशेब करा. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपिअर खेचतो, तोही बराच वेळ. त्यामुळे दिव्यासाठी मिळणारा छोटा प्लग चालत नाही, १६ अँपिअरचाच घ्या. आमच्या वायरमननं छोटा प्लग बघूनच हात जोडले होते.

जोडताना डोकं पिकलं. या प्लगांना २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं आणि आमच्या राउटरवर २.४ आणि ५ हे वायफायचे दोन्ही पट्टे एकाच नावानं चालू होते. फोन बसला ५ वर, प्लग शोधतोय २.४. दोघांना वेगळी नावं दिली आणि जुळलं. तसं २.४ भिंतींतून जास्त लांब पोचतं, त्यामुळे बाथरूमच्या कोपऱ्यात ते बरंच.

गुरुवारचं म्हणाल तर अ‍ॅपमध्ये एक सेटिंग खोल दडलेलं असतं : वीज परत आल्यावर प्लगनं काय करायचं. चालू, बंद, की आधी होता तसा. आमचा 'आधी होता तसा'वर आला होता. म्हणजे सकाळी आंघोळीच्या वेळी लाईट गेली, सगळे कामाला गेले, दुपारी लाईट आली आणि रिकाम्या घरात गीझर सुरू. थर्मोस्टॅट असतो म्हणून पाणी उकळत बसत नाही, पण संध्याकाळपर्यंत ते गरम ठेवत राहतं आणि मीटर पळतो. ते 'बंद'वर करून टाका. आई-बाबा अ‍ॅपच्या वाटेला जात नाहीत, प्लगवरचं बटण दाबतात आणि मोकळे होतात.

वारजे, दोघंही नोकरीवाले

बाळासाठी हॉलमध्ये कॅमेरा लावला. सांभाळायला मावशी येतात. थोड्या दिवसांनी त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही बघा की, तुमचं लेकरू आहे. पण दुपारी मी जरा पाय पसरते, तेव्हा दादापण हापिसातून बघत असतील ना?"

याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. बरं, खातं नवऱ्याच्या नावावर आणि मला त्यानं 'शेअर' केलेलं. म्हणजे सुट्टीच्या दिवशी मी घरात असले की मीसुद्धा कॅमेऱ्यातच. त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं.

आता कॅमेरा फक्त पाळण्याकडे वळवलाय, माइक बंद केलाय, चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता आतल्या मेमरी कार्डावर ठेवतो. महिन्याचे पैसेही वाचले. मावशींना सांगितलंय, बाळ तुमच्या मांडीवर असेल तेव्हा कॅमेरा झाकून टाका. त्या जेवायला बसल्या की कॅमेऱ्यावर बाळाचं टोपडं घालतात. मला ऑफिसात फोनवर फिकट पिवळं कापड दिसतं, की समजायचं जेवणं चालली आहेत.

'हालचाल आढळली' असा निरोप दिवसभर येतो तो वेगळाच वैताग. कॅमेरा एकामागून एक चित्रं ताडून बघतो, त्याला पडदा हलला काय आणि माणूस आला काय, सारखंच. पंख्याखाली लावू नका.

औंध

आमच्याकडे स्मार्ट काही नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. मग मुलीनं टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेऊन दाखवलं. पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवणारी सोय बऱ्याच टीव्हींमध्ये असते, सेट टॉप बॉक्सवरचं बघत असलात तरी. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला याच कारणासाठी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले होते, न विचारता माहिती गोळा केली म्हणून. आपापल्या टीव्हीत 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' किंवा तत्सम नावाखाली शोधा आणि टिकमार्क काढा.

सहकारनगर, सूनबाई

सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी दंडावर चिकटवायचा सेन्सर सुचवला. नाण्याएवढी चकती असते आणि तिची बारीक तार कातडीखाली जाते. ती रक्तातली साखर थेट मोजत नाही, पेशींच्या भोवतीच्या द्रवातली मोजते. म्हणून आकडा रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. साखर स्थिर असताना फरक पडत नाही, झपाट्यानं चढत-उतरत असताना पडतो. आकडा ब्लूटूथनं त्यांच्या फोनवर येतो आणि तिथून नेटवरून आमच्या. आमचा सेन्सर चौदा दिवस चालतो. स्वस्त नाही.

सुरुवातीला रात्री-अपरात्री अलार्म वाजायचा. साखर ५८! धावत जावं तर आई शांत झोपलेल्या. उठवून बोटातून थेंब काढला, ग्लुकोमीटर म्हणतो ११२. त्या डाव्या कुशीवर झोपतात आणि सेन्सर डाव्याच दंडावर होता. अंगाखाली दाबला गेला की तिथला आकडा खोटाच खाली जातो, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पुढचा उजव्या दंडावर लावला, रात्री शांत झाल्या. तरी अलार्म वाजला आणि शंका आली की बोटावरची तपासणी करतोच, ते सोडलेलं नाही.

खरी गंमत आंब्याच्या दिवसांत. आई आमरसाची वाटी घेऊन बसल्या आणि पाऊण तासात चिंचवडहून नणंदेचा फोन : "आई, २४० झालीय, काय खाल्लंस?" रोज हेच. एके दिवशी आई चिडल्या. "साखर माझी, आणि सगळ्या गावाला माझ्या आधी कळते. मी काय खाल्लं ते आता फोनला विचारा." दोन दिवस सेन्सरच लावू देईनात.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. साखर खाली गेली तर अलार्म आम्हा सगळ्यांना, कारण तेव्हा धावपळ करावी लागते. वर गेली तर फक्त त्यांना. अ‍ॅपमध्ये तसं करता येतं. नणंदबाई अजून रुसलेल्या आहेत. आईंनी मात्र त्या आलेखावरून स्वतःच शोधून काढलं की जेवणानंतर लगेच बाल्कनीत फेऱ्या मारल्या की चढ कमी राहतो. आता फेऱ्या घातल्याशिवाय टीव्हीपुढे बसत नाहीत.

धागाकर्तीचा प्रश्न : नेट गेलं तर त्यांच्या फोनवर आकडा दिसतोच, फक्त आम्हाला कळत नाही. फोन लांब राहिला तरी सेन्सर काही तासांचे आकडे स्वतःजवळ ठेवतो.

हडपसर, शेती शिरूर तालुक्यात

तुमचं सगळं वायफायवर चाललंय, आमचं सिमकार्डावर चालतं.

विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलाय. पेटीत सिम आहे. फोन लावला की बाई मराठीत बोलते, मोटार चालू करायला हे बटण दाबा, बंद करायला ते. थ्री फेज, म्हणजे मोटारीला लागणारी तिन्ही तारांची लाईट, आली की पेटीच आपल्याला फोन करते. ज्यांची शेती नाही त्यांना याचं मोल कळणार नाही. शेतीची लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसाची आली की पुढे रात्रीची. मध्यरात्री उठून बॅटरी घेऊन उसातून विहिरीवर जायचं, आणि आमच्या शिरूर-जुन्नर पट्ट्यात उसात बिबट्या असतो. वडील इतकी वर्षं जायचे. आता मी हडपसरला गादीवरून मोटार चालू करतो.

पेटी मोटारीचा करंट बघते. विहिरीचं पाणी संपलं की मोटार मोकळी फिरते, करंट उतरतो, पेटी मोटार बंद करते. एखादा फेज गेला तरी बंद. मोटार जळण्याचा खर्च वाचला.

पण मोटार फोनवरून चालू होते, दारं, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवणं, फोनवरून धरता येत नाहीत. पाट फोडून पाणी फिरवायला माणूस लागतोच. ठिबक केलेल्या रानात खरा उपयोग झाला, बाकीच्या रानात वडील अजून जातातच, फक्त दिवसाच्या पाळीत. आणखी एक. पेटीला 'ऑटो' असतं, लाईट आली की आपोआप मोटार चालू. सगळ्या भावकीनं ऑटोवर ठेवलं की लाईट आल्याबरोबर दहा-पंधरा मोटारी एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसतो. आम्ही ठरवून वेळा मागेपुढे लावल्यात. त्यासाठी एक बैठक आणि थोडी भांडणं झाली, इंटरनेट लागलं नाही.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन उसाचा एक प्रयोग पण बघून आलोय. मातीत सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रं, सगळं जोडून पाणी-खत किती द्यायचं ते फोनवर सांगतात. काम चोख आहे. माझ्या अडीच एकराला परवडेल तेव्हा बघू.

बाणेर, सोसायटीचे सेक्रेटरी

आमच्या तळटाकीत आणि गच्चीवरच्या टाकीत झाकणाखाली अल्ट्रासॉनिक सेन्सर आहेत. आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून पातळी काढतो. पावसाळ्यात झाकणाला आतून थेंब धरले, आवाज थेंबावरूनच परत आला आणि सेन्सर म्हणाला टाकी भरलेली आहे. पंप सुरूच झाला नाही. सकाळी सातला नळ कोरडे, ग्रुप ओसंडून वाहतोय. वॉचमनकाकांनी वर जाऊन झाकण उघडलं तेव्हा कळलं. जुना फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा, काढायचा ठराव होणार होता, तो रद्द केला. आता सेन्सर माहिती देतो, पंप फ्लोटच चालवतो.

तरीही सेन्सर काढा असं मी म्हणणार नाही. टँकर दहा हजार लिटरचा म्हणून आम्ही पैसे देतो. तळटाकीच्या आलेखात मात्र एका टँकरमागे पातळी साडेआठ हजारांनीच चढलेली, तीही तेव्हा उपसा बंद असताना. पुरवठादाराला आलेख दाखवला, आधी आवाज चढवला, मग पुढचा टँकर पूर्ण आला. आता ड्रायव्हर पाइप काढण्याआधी माझ्या फोनकडे बघतो.

हिंजवडी, याच धंद्यातला

वारज्याच्या ताईंनी कार्डाचं केलं ते उत्तम, पण कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललात का? २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस फिरला. कॅमेऱ्यांना आणि त्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेट्यांना (डीव्हीआर) कारखान्यातून जे ठरावीक नाव-पासवर्ड असतात, त्यांची साठेक जोड्यांची यादी घेऊन तो दारं ठोठावत जायचा. लाखो यंत्रं त्याच्या ताब्यात गेली आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर 'डाइन' (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला. ती वेबसाइटांचे पत्ते शोधून द्यायची, त्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स अमेरिकेत तासन्‌तास बंद. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नाही, कारण कॅमेरा नेहमीसारखाच चालू होता.

घरी एवढं करा. राउटरवर 'गेस्ट' नेटवर्क सुरू करून सगळी यंत्रं त्यावर टाका, लॅपटॉप आणि बँकेचा फोन मुख्य नेटवर्कवर. अपडेट येईल ते घ्या.

सर्व्हरबद्दल धागाकर्तीशी सहमत. रिव्हॉल्व नावाचा तीनशे डॉलरचा हब होता, म्हणजे घरातली सगळी स्मार्ट यंत्रं एकत्र चालवणारी पेटी. ती कंपनी गूगलच्या नेस्टनं घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हरच बंद केला. धडधाकट हब लोकांच्या घरात ठोकळे होऊन पडले. आता नवीन घ्यायचं तर 'मॅटर' चिन्ह बघा. २०२२ साली आलेलं मानक आहे, त्यात निरोप घरातल्या घरात जाऊ शकतो. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस (लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी) लावलात की तुमचा गुरुवारही बराचसा सुटेल, अर्थात तुमच्या नेटवाल्याच्या खांबावरची पेटी चालू असेल तर.

नारायण पेठ, वय विचारू नये

मुलानं बोलणारा स्पीकर आणून ठेवला. माझ्याकडच्याला मराठी कळत नाही, हिंदी कळते, आणि आमची हिंदी पेठेतली. "दूध उतू जाने के पहले बोलो" म्हटल्यावर त्यानं मला दुधाविषयी माहिती सांगितली. हल्ली मी "दस मिनिट का टाइमर" एवढंच म्हणतो.

तो सारखा ऐकत असतो का, हे नातवाला विचारलं. हाक ओळखायचं काम आतल्या चिपवर चालतं, हाक ऐकली की पुढचं बोलणं सर्व्हरकडे जातं आणि तिथे साठतं, असं तो म्हणाला. अ‍ॅपमध्ये दाखवलं तर माझ्या आवाजातली शेजाऱ्याविषयीची दोन वाक्यं सापडली. पुसून टाकली. आता शेजाऱ्याविषयी बोलायचं तर बाल्कनीत जातो.

खराडी

दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप आहे. ते सेलवर चालतं, लाईट जाण्याशी त्याचा संबंध नाही. सासरे बागकाम करतात, त्यांचा ठसा उमटतच नाही, त्यांना आकडे दिले आहेत. सेल संपत आले की आठवडाभर आधी किणकिणतं, पण आतून बाहेर जाताना कोणाचं लक्ष जात नाही. पूर्ण संपले तर बाहेरून खाली दोन टोकांना नऊ व्होल्टचा सेल टेकवला की तेवढ्यापुरतं उघडतं. काहींना यूएसबीचं भोक असतं. तुमच्या कुलपाला यातलं काय आहे ते आजच वाकून बघून घ्या, आणि सोबत आलेली साधी चावी घराच्या आत ठेवू नका. सेल बदलताना चारही एकदम बदला, आणि अल्कलाइनच घ्या.